गंधकाची अठरा वर्षं

डहाणूच्या कोळशाची वीज मुंबईच्या उपनगरांत पोहोचते ती वसई तालुक्याच्या डोक्यावरून. २२० किलोव्होल्टच्या तारा डहाणूहून निघतात, पालघर आणि वसई मागे टाकून खाडी ओलांडतात आणि घोडबंदर, वर्सोव्याच्या उपकेंद्रांत उतरतात. खाडीपलीकडच्या मीरा-भाईंदरला त्या विजेवर दिवे लागतात. खाडीअलीकडच्या वसई-विरारला वीज येते महावितरणची. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत उभा महाराष्ट्र तासन्‌तास अंधारात बसत होता आणि मुंबई त्यातून वगळलेली होती. त्या दिवसांत या फरकाचा अर्थ खाडीअलीकडच्या नायगावच्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

या तारांच्या उत्तरेकडच्या टोकाला जे घडलं, त्याची ही गोष्ट आहे. कोळसा जाळून स्वस्त वीज करायची आणि धुरातलं विष मात्र बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे आज जगभर कार्बनबद्दल बोललं जातं. डहाणूत हाच वाद गंधकाबद्दल झाला. विरारहून लोकलने ६४ किलोमीटरवर असलेल्या डहाणूच्या वीज केंद्रात गंधक पकडण्याची अट कागदावर आली १९८९ मध्ये आणि ते प्रत्यक्षात पकडलं जाऊ लागलं २००७ मध्ये. मधल्या अठरा वर्षांत तंत्रज्ञानाची अडचण जवळजवळ नव्हतीच.

मुंबईचा धुराशी झगडा मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांच्या चिमण्यांनी शहराचं आभाळ इतकं काळवंडलं होतं की १९१२ मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध खास कायदा करावा लागला. त्याच सुमाराला टाटांनी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाणी अडवून वीज करायचं काम हाती घेतलं. १९१५ मध्ये खोपोलीचं केंद्र सुरू झालं, पुढे भिवपुरी आणि भिरा. गिरण्यांनी बॉयलर बंद करून विजेच्या मोटारी बसवल्या, गिरणगावाचा धूर निवळला. त्या स्वच्छ विजेची किंमत मावळातल्या शेतकऱ्यांनी मोजली. १९२१ मध्ये सेनापती बापट मुळशीच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, ते या व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूने. धरण झालंच, गावं पाण्याखाली गेली. मुंबईच्या विजेचा भार मुंबईबाहेर टाकायची रीत तिथे पडली. पुढच्या शंभर वर्षांत ती फारशी बदलली नाही, फक्त भाराचं रूप बदललं.

पाण्यावर भागेना तेव्हा कोळसा, तेल आणि वायू आले. १९५६ मध्ये टाटांचं औष्णिक केंद्र ट्रॉम्बेला उभं राहिलं. १९६९ मध्ये तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, तेही आजच्या पालघर जिल्ह्यातच. या सगळ्या काळात मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणारी कंपनी होती बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे बीएसईएस. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीकडे स्वतःचं वीज केंद्र नव्हतं. टाटांकडून घाऊक वीज घ्यायची आणि अंधेरी-बोरिवलीकडे किरकोळीने विकायची, हा तिचा धंदा. ऐंशीच्या दशकात उपनगरं फुगली, मागणी वाढली आणि कंपनीने स्वतःचं केंद्र उभारायचं ठरवलं. प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच, इंधन कोळसा, जागा डहाणूच्या खाडीलगतची.

डहाणू म्हणजे मोकळी पडीक जमीन नव्हती. गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून इराणी आणि पारशी कुटुंबांनी डहाणू-घोलवडच्या पट्ट्यात चिकूच्या वाड्या लावलेल्या. मागे डोंगरात वारली पाडे, जंगल आणि भातखाचरं. पुढे खाडी, खारफुटी आणि मच्छीमारांच्या वस्त्या. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठलेले वारली याच पट्ट्यातले, तेव्हा अन्याय मुकाट सोसायची सवय इथल्या मातीला नव्हती, असं म्हणायला हरकत नाही. तरी केंद्राविरुद्ध पहिली फळी धरली ती बागायतदारांनी. नर्गिस इराणी आणि कित्याम रुस्तम ही त्यातली ठळक नावं. मोहोरावर राख बसली, पानांवर आम्लाचा पाऊस पडला तर वाड्यांचं काय, हा त्यांचा प्रश्न. मच्छीमारांचा प्रश्न वेगळा: केंद्र थंड ठेवायला उचललेलं पाणी गरम होऊन खाडीत परत आलं तर मासळीचं काय?

मार्च १९८९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रकल्पाला परवानगी दिली. परवानगीबरोबर अटी होत्या. त्यांतली एक धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याची. विरोधक आधी मुंबई उच्च न्यायालयात गेले, तिथे हरले. मग सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही हरले. १९ मार्च १९९१ च्या निकालात न्यायालयाने केंद्राच्या जागेत हस्तक्षेप करायला नकार दिला. जागा निवडणं हे सरकारचं काम, त्यात आम्ही पडणार नाही, असा त्याचा मथितार्थ. मात्र त्याच निकालात एक वाक्य असं होतं की गंधक काढण्याची अट परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय सैल करू नये. हरलेल्या पक्षाच्या हाती एवढंच लागलं. पुढचं सगळं रामायण त्या एका वाक्यावर उभं आहे.

याच वर्षांत दक्षिणेला वसईत काय चाललं होतं, हे शेजारी ठेवून पाहायला हवं. तेव्हा दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर जिल्हा झाला २०१४ मध्ये. १९८८ च्या सुमारास वसईच्या हरित पट्ट्यातली जमीन बांधकामाला खुली झाली. पाठोपाठ सिडको नियोजन प्राधिकरण म्हणून आली. बिल्डर, गुंड आणि विहिरी उपसणारे टँकर यांच्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने लोकांना रस्त्यावर आणलं. वसईकर रस्त्यावर लढले, डहाणूकर कागदावर. वसईच्या लढ्यात माणसं जास्त होती आणि त्याची आठवणही आपल्याकडे जास्त राहिली. पण जमिनीवर टिकलेला परिणाम मोजला तर डहाणूचा कागद अधिक चिवट निघाला, हे मान्य करावं लागतं. २० जून १९९१ रोजी, म्हणजे न्यायालयात हरल्यानंतर तीनच महिन्यांत, केंद्र सरकारने अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. तालुक्यात उद्योगांना मिळून जास्तीत जास्त ५०० एकर जागा, घातक उद्योगांना बंदी, भोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा. वसईला असं कवच मिळालं नाही. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली.

वीज केंद्राला मात्र या अधिसूचनेने अडवलं नाही, कारण त्याची परवानगी आधीची. १९९५ मध्ये दोन्ही संच सुरू झाले. कोळसा छत्तीसगडच्या कोरबा भागातून मालगाड्यांनी येऊ लागला. किनाऱ्यावर २७५ मीटर उंचीची चिमणी उभी राहिली. ती तेवढी उंच का, यात त्या काळच्या धोरणाचं सगळं मर्म आहे. भारतात तेव्हा औष्णिक केंद्राने हवेत किती सल्फर डायऑक्साइड सोडावा याला मर्यादाच नव्हती. नियम होता तो चिमणीच्या उंचीचा: ५०० मेगावॉट आणि त्यावरच्या केंद्राला २७५ मीटर. उंचावर सोडलेला वायू दूरवर पांगतो, जवळच्या माणसाच्या नाकात कमी जातो. विष कमी करायचं नाही, ते वाटून टाकायचं. सल्फर डायऑक्साइडची मर्यादा देशात पहिल्यांदा लागू झाली ती डिसेंबर २०१५ मध्ये.

कंपनीचा युक्तिवादही याच नियमाच्या आधाराने चालला. भारतीय कोळशात गंधक कमी असतं, चिमणी नियमाप्रमाणे उंच आहे, आसपासच्या हवेतलं प्रमाण मर्यादेत आहे, मग यंत्रणा कशाला? यात तथ्य नव्हतं असं नाही. आपल्या कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का, अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या कित्येक खाणींपेक्षा बरंच कमी. पण आकडा टक्क्यात सांगितला की लहान दिसतो. ५०० मेगावॉटचं केंद्र पूर्ण भाराने चाललं की दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा खातं. त्यात अर्धा टक्का म्हणजे पस्तीस-चाळीस टन गंधक, जळून त्याचा सत्तर-ऐंशी टन सल्फर डायऑक्साइड. हे रोज. आणि डहाणूचं केंद्र पूर्ण भाराने चालण्याबद्दलच प्रसिद्ध होतं. कित्येक वर्षं त्याचा भारांक शंभर टक्क्यांच्या आसपास राहिला, देशातल्या उत्तम चालणाऱ्या केंद्रांत त्याचं नाव घेतलं जाई. चांगलं चालवलेलं यंत्र आणि न पाळलेली अट, दोन्ही एकाच आवारात नांदत होती.

अट जिवंत ठेवली ती आणखी एका याचिकेने. १९९४ मध्ये ‘सँक्चुअरी’ मासिकाचे संपादक बिट्टू सहगल आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात तक्रार नेली, की डहाणूची अधिसूचना कागदावरच राहिली आहे. न्यायालयाने नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेला पाहणी करायला सांगितलं. तिचा अहवाल आल्यावर ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या पीठाने आदेश दिला, की उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा. त्या डिसेंबरात प्राधिकरण स्थापन झालं. अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी.

हा माणूस नेमला गेला यात डहाणूचं नशीब होतं. दादा धर्माधिकारींचे चिरंजीव, गांधीविचारात वाढलेले, निवृत्तीनंतरही खादीतच वावरणारे. कायद्याचा काटेकोरपणा आणि गरीब माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायचा धीर, दोन्ही त्यांच्याकडे होतं. १९९८ मध्ये त्यांच्या प्राधिकरणाने डहाणू तालुक्यातल्या वाढवणचं प्रस्तावित बंदर नाकारलं. परदेशी कंपनी, मोठी गुंतवणूक, राज्य सरकारचा उत्साह, यातलं काहीही त्यांना हलवू शकलं नाही. प्राधिकरण गुंडाळायचे प्रयत्नही पुढे झाले; ते टिकलं.

मग त्यांनी वीज केंद्राचं जुनं प्रकरण काढलं. मे १९९९ मध्ये प्राधिकरणाने कंपनीला गंधक काढणारी यंत्रणा बसवायचा आदेश दिला. कंपनीने हरकत घेतली, मुदत मागितली, पुन्हा मागितली. दरम्यान मालकच बदलला: २००३ मध्ये बीएसईएस रिलायन्सकडे गेली. नव्या मालकांनाही घाई नव्हती. शेवटी २००५ मध्ये प्राधिकरणाने मोठ्या रकमेच्या बँक हमीची मागणी केली, म्हणजे यंत्रणा बसवली नाही तर पैसे जातील. तिथे गाडी हलली. ऑक्टोबर २००७ मध्ये डहाणूच्या धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा सुरू झाली.

अठरा वर्षं ज्या यंत्रणेसाठी गेली ती काही अद्भुत नव्हती. ट्रॉम्बेला टाटांच्या पाचव्या संचावर तशीच यंत्रणा १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू होती, म्हणजे डहाणूला अट घातली गेली तेव्हा दीडशे किलोमीटरच्या आत चालता नमुना उपलब्ध होता. रीत अशी. धूर एका उंच मनोऱ्यातून वर जातो, वरून समुद्राचं पाणी त्यावर कोसळतं. समुद्राचं पाणी मुळातच किंचित क्षारधर्मी असतं, त्यात बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. आम्लधर्मी सल्फर डायऑक्साइड त्या पाण्यात ओढला जातो. मग त्या पाण्यात हवेचे बुडबुडे सोडतात, गंधकाचं सल्फेट होतं आणि पाणी समुद्रात परत जातं. सल्फेट समुद्रात एरवीही भरपूर असतं. चुनखडी लागत नाही, जिप्समचे ढीग साचत नाहीत. केंद्र थंड ठेवायला समुद्राचं पाणी आधीच पंपांनी उचललं जात असतं, तेच इथेही कामाला येतं.

या रसायनात एक तपशील आहे. सल्फर डायऑक्साइडचा प्रत्येक रेणू पकडताना दोन बायकार्बोनेट खर्ची पडतात आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू सुटतात. कागदावर हिशेब मांडला तर रोज साठ-पासष्ट टन सल्फर डायऑक्साइड पकडताना ऐंशी-नव्वद टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १९८९ च्या अटीत कार्बनचा विचार कुणाच्याच मनात नव्हता. तेव्हा प्रदूषण म्हणजे राख आणि गंधक. कार्बन डायऑक्साइड नाकाला झोंबत नाही, पानावर डाग पाडत नाही, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला बागायतदाराकडे काही पुरावाच नसतो.

आणि या ऐंशी-नव्वद टनांनी घाबरूनही जायला नको, कारण मूळ आकडा त्याहून प्रचंड आहे. कोळशाच्या विजेत प्रत्येक युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. ५०० मेगावॉट म्हणजे दिवसाला १ कोटी २० लाख युनिटं, म्हणजे अकरा-बारा हजार टन. तुलनेसाठी, सरकारी एनटीपीसीने मध्य प्रदेशातल्या विंध्याचल केंद्रात २०२२ मध्ये धुरातला कार्बन पकडणारा प्रायोगिक संच सुरू केला. त्याची क्षमता दिवसाला २० टन. डहाणूसारख्या मध्यम केंद्राचा सगळा कार्बन पकडायचा तर असे जवळपास सहाशे संच लागतील.

गंधक आणि कार्बन यांत फरक काय, असा प्रश्न इथे येतो. गंधक धुरात अगदी थोडं असतं, त्यामुळे पाण्याने धुऊन काढता येतं. कार्बन डायऑक्साइड मात्र त्याच्या कैक पट. कोळसा जाळायचा म्हणजे कार्बन जाळायचा. नेहमीच्या पद्धतीत तो अमाइन नावाच्या द्रावणात शोषून घेतात आणि मग द्रावण तापवून पुन्हा मोकळा करतात. या तापवण्यातच केंद्राच्या वाफेचा मोठा हिस्सा खर्च होतो. या रीतीचं पेटंट १९३० चं आहे. कॅनडात बाउंड्री डॅम केंद्रात २०१४ पासून कोळशाच्या धुरावर ही रीत मोठ्या प्रमाणात चालते आहे. म्हणजे पुन्हा तेच: रीत ठाऊक आहे, अडलंय ते खर्चावर. आणि खर्च कुणी उचलायचा यावर.

आपल्याच समुद्रातलं एक उदाहरण या प्रश्नाचं उत्तर देतं. १९७६ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाला मुंबईच्या पश्चिमेला एक मोठं वायूक्षेत्र सापडलं. त्याला नाव मिळालं बसीन, म्हणजे वसईचं इंग्रजी-पोर्तुगीज नाव. किल्ल्याच्या नावाचं हे क्षेत्र बहुतेक वसईकरांना ठाऊक नसतं. तिथला वायू आंबट, म्हणजे त्यात हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड मिसळलेला. तो नळाने गुजरातेत हजिराला जातो, तिथे धुतला जातो, गंधक वेगळं काढलं जातं आणि मग स्वच्छ वायू उत्तरेकडच्या लांबलचक वाहिनीत शिरतो. या गंधकासाठी कुणाला न्यायालयात जावं लागलं नाही. प्राधिकरण नाही, बँक हमी नाही. कारण गंधक राहिलं असतं तर नळ गंजले असते आणि गिऱ्हाइकाने माल परत केला असता. नुकसान विकणाऱ्याचंच होतं. डहाणूत तेच गंधक शेजाऱ्याच्या वाडीवर पडत होतं, म्हणून अठरा वर्षं लागली.

कार्बनचंही तसंच आहे. तामिळनाडूत तुतिकोरीनला सोडा ॲश बनवणाऱ्या एका कारखान्यात २०१६ पासून कोळशाच्या बॉयलरच्या धुरातला कार्बन पकडला जाऊ लागला, वर्षाला ६० हजार टनांच्या क्षमतेने आणि सरकारी अनुदानाशिवाय. तंत्र होतं खरगपूर आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या कार्बन क्लीन या कंपनीचं. ते परवडलं, कारण त्या कारखान्याला कार्बन डायऑक्साइड कच्चा माल म्हणून हवाच होता. एरवी तो विकत आणावा लागला असता. वीज केंद्राला रोजच्या बारा हजार टन कार्बन डायऑक्साइडचं काहीच करायचं नसतं.

म्हणूनच इंजिनिअरांचा एक पंथ म्हणतो, की धूर सुटल्यावर त्याच्यामागे धावण्यापेक्षा यंत्रच असं बनवा की कार्बन आपोआप वेगळा पडेल. ब्रिटिश अभियंता रॉडनी ॲलम यांच्या नावाचं चक्र हे त्यातलं सर्वांत धाडसी. त्यात इंधन हवेत जाळत नाहीत, शुद्ध ऑक्सिजनमध्ये जाळतात. नायट्रोजनच नसल्यामुळे ज्वलनातून उरतं ते फक्त पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. टर्बाइन फिरवायला वाफेऐवजी प्रचंड दाबाखालचा हाच कार्बन डायऑक्साइड वापरतात. तो थंड करून, दाबून पुन्हा आत सोडतात आणि प्रत्येक फेरीत जेवढा नवा तयार होतो तेवढा नळातून बाहेर काढतात, जमिनीत पुरण्याजोग्या दाबाने, जवळजवळ शुद्ध. इथे चिमणीच नाही. टेक्सासमध्ये ला पोर्ट येथे नेट पॉवर कंपनीने २०१८ मध्ये याचा प्रायोगिक संच पेटवला आणि २०२१ च्या अखेरीस त्याची वीज जाळ्यात सोडून दाखवली. तो चालला नैसर्गिक वायूवर. कोळसा वापरायचा तर आधी त्याचा वायू करावा लागतो आणि तिथे गंधक, राख, पारा सगळं पुन्हा दारात उभं राहतं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढायलाही भरपूर वीज लागते. पहिल्या व्यापारी केंद्राचा खर्चाचा अंदाज वाढत गेला, वेळापत्रक पुढे ढकललं गेलं. ‘स्वस्त’ हा शब्द या तंत्राच्या प्रचारात पहिल्या दिवसापासून आहे. केंद्र उभं राहून ते खरं ठरायचं बाकी आहे.

पकडलेला कार्बन ठेवायचा कुठे, यात मात्र आपला किनारा अगदीच कोरडा नाही. आइसलँडमध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्ट खडकात सोडला, तर दोनेक वर्षांत त्यातला बहुतांश भाग दगड होऊन बसला, असं २०१६ मध्ये जाहीर झालं. वसईपासून नागपूरपर्यंत आपण ज्या काळ्या कातळावर राहतो तो बेसॉल्टच. तुंगारेश्वरचा डोंगर त्याचाच. पवईच्या आयआयटीत कार्बन पकडण्याच्या संशोधनासाठी २०२२ मध्ये राष्ट्रीय केंद्र मंजूर झालं, तिथे या खडकांचा अभ्यास चालतो. बसीनसारखी रिकामी होत जाणारी वायूक्षेत्रंही उमेदवार आहेत. पण दख्खनचे लाव्हाथर आइसलँडपेक्षा कितीतरी जुने, त्यातल्या भेगा-पोकळ्या ठिकठिकाणी खनिजांनी बुजलेल्या. प्रयोगशाळेतल्या तुकड्यावरून डोंगराचा भरवसा देता येत नाही.

इकडे गंधकाचा नियमही पुन्हा सैल झाला. २०१५ च्या मर्यादेसाठी दोन वर्षांची मुदत होती. ती वाढत वाढत दहा वर्षं गेली आणि जुलै २०२५ मध्ये मंत्रालयाने देशातल्या बहुसंख्य कोळसा केंद्रांना गंधक काढायच्या यंत्रणेतून सूट दिली. त्यांच्यासाठी आता पुन्हा चिमणीच्या उंचीचा निकष. दहा लाखांवरच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांना मात्र ती बसवावी लागणार आहे. या सूटपत्राच्या समर्थनात दिलेली कारणं वाचताना १९९९ ची डहाणूची फाईल उघडल्यासारखं वाटतं: आपल्या कोळशात गंधक कमी, हवेतलं प्रमाण मर्यादेत, यंत्रणेचा खर्च ग्राहकावर पडणार. त्यात एक कारण नवीन आहे. यंत्रणा चालवायला वीज लागते, चुनखडी लागते, त्यातून कार्बन वाढतो, असं आता सांगितलं जातं. गंधक न पकडण्यासाठी कार्बनची साक्ष काढली जाईल, हे १९८९ मध्ये कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

न्यायमूर्ती धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये गेले. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला अटींसह ना-हरकत दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. वीज केंद्र २०१८ मध्ये उपनगरांच्या वीजवितरणासकट अदानी समूहाकडे आलं होतं. २०२४ मध्ये ते वितरण कंपनीच्या ताळेबंदातून काढून समूहाच्याच वर्तुळातल्या दुसऱ्या कंपनीकडे देण्यात आलं. त्यामुळे मुंबईला वीज विकणाऱ्या कंपनीच्या नावावरचा कार्बन एका झटक्यात उतरला, आणि त्यासाठी अमाइनचा एक थेंबही लागला नाही.